दहावी चूल

प्रेमराजनं आदल्या संध्याकाळी जेवताना जे सांगितलं, त्यावर रत्ना तेव्हा काहीच बोलली नाही. उत्तर तिनं सकाळी दिलं, आणि तेही तोंडानं नाही.

मेघा कळशी घेऊन बाहेर आली तेव्हा अंगणाच्या पलीकडे, उतारावर, तिला धूर दिसला. तीन दगडांवर तवा होता आणि रत्नाफुई, नवऱ्याची आत्या, पाठमोरी बसून भाकरी थापत होती. आसराटेकवर उघड्यावर चूल पेटायची ती लग्नात नाहीतर मयतीला. आज दोन्ही नव्हतं. आज मोजणी होती.

"फुई, आत चूल पेटली नाही का?" मेघानं विचारलं. ती धुळ्याची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिची बोली शहरातलीच राहिली होती.

"ती तुमनी चूल," रत्ना मागं न बघता म्हणाली. "हाई मनी."

मेघाच्या हातातली कळशी हातातच राहिली. चुलीचा अर्थ काय होतो हे या टेकावर लग्न होऊन आलेल्या बाईला पहिल्याच माघात कळतं. धरणाचं फुगवट्याचं पाणी माघात उतरू लागतं, खालचा काळा गाळ उघडा पडतो, आणि पाण्यापासून वर बाभळींच्या रांगेपर्यंत त्याचे पट्टे पाडतात. एका चुलीला एक पट्टा. जुनं गाव धरणात गेलं त्या वर्षी आजेसासऱ्यांनी, तोतारामबाबांनी, घालून दिलेला हा नियम. जमीन सरकारची, दरसालच्या परवानगीची. पण कोणी कुठं पेरायचं हे चूल ठरवायची. टेकावर नऊ चुली होत्या. आठ पेटत्या आणि नववी प्रेमराजकाकांची, कुलपातली. काका वीस वर्षांपासून रावेरला केळीच्या पॅकिंगवर मुकादम होते. त्यांचा पट्टा रत्नाफुई पेरायची. सोनगीरहून, नवऱ्यानं दुसरी आणल्यावर, ती परत आली त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि चौदाही माघ तिनं काकांच्या वाट्याला येईल त्या पट्ट्यात मूग टाकला होता. अर्धा रावेरला जायचा.

काल काका म्हणाले होते, "यंदा माझा पट्टा मी रावेरच्या एका बागाईतदाराला दिलाय. टरबूज लावणार तो. पंप, नळ्या, सगळं आणणार. रत्ना, तू यंदा पेरू नको."

तेव्हा कुंदननं ताटातून मान वर केली नव्हती. आपला नवरा ताटाकडे इतका वेळ कधी बघत नाही, हे मेघाच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

घरातून सासूबाई, भिकुबाई, बाहेर आल्या. धूर बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या, मग पदर सावरत उतारावर आल्या.

"रत्नाबाई, मना हातनं काय कमी पडनं?"

"काही नही, वहिनी."

"मंग हाई काय शे? लोके म्हनतीन, भिकुबाईनी नणदले घरना बाहेर काढं."

"म्हनू दे. माले पट्टा पाहिजे. चूल बिगर पट्टा नही, हाई बाबानीच ठरायेल शे." रत्नानं भाकरी उलटली. "तुमनावर मना राग नही."

"मनावर राग नही, आन् मना हातनी भाकर नको," भिकुबाई म्हणाल्या, आणि मागं फिरल्या. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. मेघानं तो ऐकला आणि कळशी घेऊन मुकाट पाण्याकडे निघाली. कोणाच्या बाजूनं उभं राहावं हे तिला अजून कळत नव्हतं.

*

कुंदनच्या बापानं, रुपचंदनं, गाठींचा दोर खांद्यावर टाकला आणि लंगडत काठाकडे आला. गुडघा गेल्यापासून सहा वर्षं तो होडीत बसला नव्हता. पण मोजणीचा दोर अजून त्याच्याच हातात होता. वस्तीतली माणसं जमली होती. उलट्या टाकलेल्या होडीवर प्रेमराज बसला होता. पांढरा शर्ट, पायांत बूट, आणि बुटांना गाळ लागू नये म्हणून पाय उचललेले. कुंदन त्याच्याच शेजारी उभा होता, बापाच्या शेजारी नाही. रुपचंदनं ते पाहिलं आणि दोर उलगडायला घेतला.

"भाऊ," मागून रत्नाचा आवाज आला. "यंदा मनी चूल मोज."

माणसं रत्नाकडे वळली. मग प्रेमराज हसला.

"तीन धोंडे मांडले म्हणजे चूल होत नाही, रत्ना. चूल म्हणजे घर. घर म्हणजे माणूस. तुना माणूस सोनगीरले शे."

घाव घालायचा असला की त्याला आपली बोली आठवायची.

"तो दुसरी संगे शे. त्यानी चूल त्याले लखलाभ," रत्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "प्रेमभाऊ, तुनी चूल कोठे शे?"

"ते काय समोर. घर दिसत नाही का?"

"कुलूप दिसस."

दोनचार जण खाकरले. रतिलाल, वस्तीतला रुपचंदच्याच वयाचा माणूस, पुढं आला. त्याच्या घरात खाणारी अकरा तोंडं होती.

"रत्नाबाई, तुनं खरं शे. पन दहा पट्टा करात ते प्रत्येकना दोन हात कमी व्हई. यंदा पाणी बी कमीच उतरेल शे."

"दहा नका करू, रतिलालदादा. नऊच करा. फक्त पेटस ती चूल मोजा."

प्रेमराज होडीवरून उतरला. बूट गाळात टेकले, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे माझा पट्टा काढून तिला द्यायचा. भाऊ, ऐकतोस ना? मी बागाईतदाराला शब्द दिलाय. आणि एकट्या बाईनं भाकर केली, एकटीनं खाल्ली, त्याला चूल म्हणायची, तर उद्या घराघरातली प्रत्येक बाई तीन धोंडे मांडील. तू सांग."

सगळे रुपचंदकडे बघू लागले. बघतील हे त्याला ठाऊक होतं, आणि रात्रीपासून तो त्याच क्षणाला घाबरत होता. धाकटा भाऊ बाहेरगावी राहून चार पैसे कमावणारा. आजारपणात मोटार करून यायचा, कुंदनच्या लग्नात उभा राहिला होता. आणि बहीण. ती तर रोज पहाटे त्याच्याच होडीत बसून त्याचीच जाळी टाकायला जायची. त्यानं कधी तिला विचारलंही नव्हतं की थंडीत हात फुटतात का.

त्याला एक वाट सुचली. वाट चांगली नव्हती, पण सुटका करणारी होती.

"बाबानी एक अट ठेयेल व्हती," तो म्हणाला. "चुलीवर घरना बाहेरना एक तरी माणूस जेवाले पाहिजे. मंगच ती चूल. रतिलाल, तुले याद शे ना?"

"शे," रतिलाल म्हणाला. "टेकवरना हिरामण एकटा व्हता, तव्हाना नियम."

"रत्ना, तुना चुलीवर कोन जेवनं?"

"आजच पेटाडी, भाऊ. कोन येई?"

"मंग दुपारलोंग वाट पाहूत. कोनी उनं ते मोजसूत. नही उनं ते जशी चाल शे तशी."

रत्नानं त्याच्याकडे नीट पाहिलं. रुपचंदनं नजर दोरावर वळवली. प्रेमराजदेखत तिच्या चुलीवर जाऊन बसेल असं वस्तीत कोणी नव्हतं, हे त्याला माहीत होतं. घरची बाई सकाळपासून रागात होती. पोरगा काकाच्या मुठीत. आणि ज्यांच्या पोरांना प्रेमराजनं रावेरला कामाला लावलं होतं, ते कशाला वैर घेतील? हे सगळं जाणूनच आपण दुपारची वेळ दिली, हे बहिणीलाही कळलंय, असं त्याला वाटलं.

"बरं," रत्ना म्हणाली. "दुपारलोंग जाळ ऱ्हाई."

*

भिकुबाई पीठ मळत होत्या आणि ऐकत होत्या. दाराशी सून आणि मुलगा हळू आवाजात बोलत होते. पण या घरात हळू बोललेलंही चुलीपर्यंत पोचायचं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मेघा विचारत होती.

"झाला महिना."

"आणि फुईला सांगितलं नाही?"

"काका म्हणाले, मी सांगतो." कुंदन थोडा थांबला. "तो बागाईतदार मला पंपावर ठेवणार आहे. महिन्याच्या महिन्याला पगार. रोज पहाटे पाण्यात उतरून मी किती वर्षं काढायची, मेघा?"

"फुईनं किती काढली?"

कुंदन आत येऊन पाटावर बसला. "आई, भाकर दे. आणि त्या धुराकडे बघू नको. लोक तुलाच नावं ठेवणार, तिला नाही. तिनं तुझा विचार केला का?"

भिकुबाई पीठ मळत राहिल्या. तेवढ्यात प्रेमराज वाकून दारातून आत आला. पायांत मोजे होते. बूट बाहेर काढले होते.

"वहिनी, तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं," तो पाटावर टेकत म्हणाला. "चौदा वर्षं तुम्ही तिला पोसलं. दुसरी कोणी असती तर महिन्यात सोनगीरची वाट दाखवली असती. आणि ती तुमच्या दारासमोर चूल मांडते."

पोसलं. भिकुबाईंचा हात पिठात थांबला.

हा शब्द त्यांचाच होता. बाजारात, लग्नात, माहेरी, कोणी नणदेची चौकशी केली की त्याच म्हणायच्या, काय करता, पोसतो आम्ही. ऐकणारी बाई मान हलवायची, मोठं मन आहे म्हणायची, आणि ते भिकुबाईंना आवडायचं. आज तोच शब्द दिराच्या तोंडून आला तेव्हा तो त्यांच्या कानाला बरा लागला नाही.

परातीतलं पीठ त्यांनी पाहिलं. ज्वारी त्यांच्या पट्ट्यातली, कापली रत्नानं. काल रात्री प्रेमराजनं बोटं चाटत खाल्लेला मरळ रत्नाच्या गळाला लागलेला. रुपचंदचा गुडघा गेल्यापासून या चुलीवर जे शिजलं, त्यात तिच्या हाताशिवाय आलेलं काय होतं? मीठ असेल. त्या मनातल्या मनात शोधू लागल्या आणि मिठापाशीच थांबल्या. मग सकाळपासून आपण चिडलो कशाला? ती उपाशी राहील म्हणून नाही. लोक बोलतील म्हणूनही तितकं नाही. ती वेगळी झाली, तर पोसतो असं म्हणायला कोणी उरणार नाही म्हणून.

हे कळल्यावर भिकुबाईंना कोणाचीच लाज वाटेना, फक्त स्वतःची वाटली, आणि तीही फार वेळ नाही. त्या उठल्या. कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि चुलीत पाणी ओतलं. राख उडाली. कुंदन खोकत मागं सरला.

"वहिनी, हे काय?"

"आज मना घर भाकर नही," भिकुबाई म्हणाल्या. "भूक लागनी व्हई ते जठे जाळ शे तठे जा."

त्यांनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि उतारावर निघाल्या. वाटेत रुपचंद बसला होता, रतिलाल बसला होता, वस्तीतली अर्धी माणसं बसली होती. कोणाकडे न बघता त्या रत्नासमोर जाऊन मांडी घालून बसल्या.

"वाढ."

रत्नानं वर पाहिलं. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, नुसता ठेचा शे."

"मी इचारं का काय शे ते? वाढ."

रत्नानं ताटलीत भाकरी ठेवली. भिकुबाईंनी भाकरी मोडली, ठेचा लावला आणि तोंडात घातला. मागून मेघा आली, काही न बोलता त्यांच्या शेजारी बसली आणि तिनंही हात पुढं केला.

प्रेमराज मोज्यांवरच धावत खाली आला होता. "हे चालणार नाही. घरच्या बाहेरचं माणूस पाहिजे, भाऊ स्वतः बोलला. वहिनी तर घरचीच आहे."

"सकाळपासून तिनी चूल येगळी," भिकुबाई घास गिळून म्हणाल्या. "मी आठे पाव्हनी शे. पाव्हनीले जेवताना बोलाडू नको."

रतिलाल उठला. धोतराला लागलेला गाळ झटकत तोही चुलीशी येऊन बसला. "मी ते पक्का बाहेरना शे," तो म्हणाला. "रत्नाबाई, अर्धी दे. मना दात नहीत."

*

रुपचंदनं भावासमोर हात पसरला. "चावी दे."

"कशाला?"

"दे."

कुलूप गंजलं होतं. कुंदनला दगडानं ठोकावं लागलं. आत अंधार आणि उंदरांचा वास होता. कोपऱ्यातल्या चुलीवर वाळवीनं मातीची भिंत चढवली होती, आणि आत कसल्याशा पाखरानं काड्या भरून ठेवल्या होत्या. रुपचंदनं त्यात हात घातला आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. राखेचा कणही लागला नव्हता.

"घर तुनंच शे, प्रेमराज. याले कोनी हात लावाव नही," तो म्हणाला. "पट्टा चुलीना शे. आज पेटाड. पाणी वर येस तवलोंग आठे ऱ्हाय, आठे खा, गाळमा उतर. पट्टा आत्ते तुना नावे मोजस."

"केळीचा हंगाम चालू आहे. मी चार महिने इथं कसा बसू?"

"मंग नही."

"तू वहिनीच्या मागं चाललास."

"व्हय," रुपचंद म्हणाला. "आज चालनू."

दुपारी मोजणी झाली. नऊ गाठी, नऊ पट्टे. प्रत्येक चुलीची खूण गाडग्यात टाकतात आणि डोळे मिटून काढतात. कोणाची शिंपली, कोणाची गारगोटी. रत्नाकडे खूण नव्हती. तिनं जाळ्याचा एक शिशाचा मणी तोडला आणि टाकला. तो सगळ्यात शेवटी निघाला. शेवटचा पट्टा वळणावरचा, दगडांचा, बाभळीची मुळं पाण्यापर्यंत उतरलेली. गेल्या वर्षी ज्याला तो लागला होता, त्यानं पेरलाच नव्हता.

कुंदन इतका वेळ लांब उभा होता. तो जवळ आला. "फुई, आमचा घे. मधला आहे. आपण बदलून घेऊ, आबांना मी सांगतो." त्यानं बापाकडे पाहिलं.

"मनं निघनं ते मनं."

"फुई, तिथं नांगर लागणार नाही."

"कुदळ लागी." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, पण माफीही नव्हती. "तुले वाईट वाटस ना? मंग सकाळे दगड उचलाले ये. पट्टा नको दे."

*

टेकावरून बाहेर जायला या दिवसांत होडीच लागते. आणि होडी आणायला निरोप पाठवला तेव्हा ती घेऊन आली रत्नाच. प्रेमराजनं कुंदनसाठी इकडेतिकडे पाहिलं, मग बूट हातात धरून बसला.

रत्ना वल्हं मारू लागली. तिच्या दंडांकडे त्याचं लक्ष गेलं. त्यानं शेवटचं नीट पाहिलं होतं तेव्हा ती लग्नाच्या हिरव्या बांगड्यांतली बारीक पोर होती. आता ती ज्या जोरानं पाणी मागं सारत होती, तो जोर त्याच्यात नव्हता.

"मी हे सोडणार नाही," तो म्हणाला. "पाटबंधारेच्या ऑफिसात अर्ज देणार."

"दे."

"परवानगीच्या यादीत तुझं नाव नाही. ते येऊन पीक उपटून टाकतील."

"उपटतीन ते परत पेरसू. अर्जमा काय लिखशी?"

"हेच. सोनगीरची एक बाई इथं येऊन राहिली आणि..."

रत्नानं वल्हं थांबवलं. होडी पाण्यावर हळूहळू आडवी झाली.

"सोनगीरनी नही," ती म्हणाली. "नाव नीट लिख, प्रेमभाऊ. रत्नाबाई तोताराम भोई. राहणार आसराटेक. बापनं नाव लिख. नवरानं लिखशी ते मी ऑफिसमा येईसन दुरुस्त करी लिसू. चौदा वरीस कोनी मनं नाव कोठेच लिखं नही. तू लिखशी ते बरंच व्हई."

ती उत्तराची वाट बघत होती. बाप दोघांचा एकच होता. ते नाव चुकीचं आहे असं प्रेमराज म्हणू शकत नव्हता. शेवटी त्यानं मान हलवली, तिला कळावं म्हणून नाही, होडी पुढं जावी म्हणून. तिनं वल्हं पाण्यात घातलं.

काठावर उतरताना त्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला. ती थांबेल, निदान नमस्काराला वाकेल, असं त्याला वाटलं होतं. पण वळून पाहीपर्यंत तिनं होडी फिरवली होती. ऊन कलायच्या आत तिला वळणावरच्या पट्ट्यावर पोचायचं होतं. गाळ सुकायला लागला की कुदळही बसत नाही.

प्रेमराज ओल्या पायांनी रस्त्याला लागला. मनातल्या मनात त्यानं अर्ज लिहायला घेतला, आणि पहिल्याच ओळीला त्याच्या लक्षात आलं की ती तिनं सांगितल्याप्रमाणेच आली आहे: रत्नाबाई तोताराम भोई, राहणार आसराटेक.